पिशवी काढली, पण रिपोर्ट कुठे आहे?

प्रिय ताई,

माझ्या सासूबाईंचं (वय ५१) चार महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं. काढलेली पिशवी तपासायला पाठवतो म्हणाले, त्याचे पैसेही आम्ही भरले. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि बिल एवढंच हातात दिलं. पंधरा दिवसांनी टाके दाखवायला गेलो तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं तोंडी सांगितलं. आता महिनाभर त्यांच्या अंगावरून पुन्हा थोडंथोडं लाल जातंय, ओटीपोटात दुखतंय. सोलापूरच्या डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे? त्यासाठी मी दवाखान्यात तीनदा गेले. एकदा म्हणाले, फाईल इन्शुरन्सला गेली. एकदा म्हणाले, असले रिपोर्ट आम्ही पेशंटला देत नाही. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने तिच्या मोबाईलमध्ये फोटो दाखवला, पण पाठवायला नाही म्हणाली. आमचे हे म्हणतात, डॉक्टर ओळखीचे आहेत, लग्नाकार्यात भेटतात, त्यांच्याशी वाकडं कशाला घ्यायचं? सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच घाबरतील. रिपोर्ट मागायचा आम्हाला हक्क आहे का? आणि मिळालाच तर पुढे हरवू नये म्हणून सगळे कागद आमचे हे लॅमिनेट करणार आहेत.

— एक सून, सोलापूर जिल्हा

सूनबाई,

सही तुम्ही अशी केलीत म्हणून मीही तुम्हाला तसंच म्हणते.

हक्काचं नंतर बोलू. आधी हे करा : रिपोर्ट हातात येईपर्यंत तपासणी थांबवून ठेवू नका. सोलापूरच्या डॉक्टरांना सांगा की कागद यायला चार-सहा दिवस लागतील, तोवर आतून तपासणी, सोनोग्राफी, जे करायचं ते करून घ्या. मी डॉक्टर नाही, तेव्हा लाल का जातंय ते मी सांगणार नाही. कारण अगदी साधंही निघू शकतं. पण चार महिन्यांनी पुन्हा सुरू झालेलं रक्त बघायला कुठल्याही कागदाची वाट बघायची नसते.

आता तुमचा प्रश्न. हक्क आहे. पूर्ण आहे.

सदर लिहायला लागण्याआधी बावीस वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काढली. तळमजल्यावर, लोखंडी रॅकच्या रांगांमध्ये, आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर लावलेल्या फायलींच्या वासात. तिथं माणसं यायची ती दाराबाहेर चपला काढून. खरंच सांगते. आपल्याच बायकोच्या, आपल्याच आईच्या रक्ताच्या रिपोर्टची झेरॉक्स मागायला आलेली माणसं देवळात शिरावं तशी शिरायची. एक गृहस्थ तर पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. मी पुडा परत केला आणि प्रती दिल्या, तर त्यांचा विश्वासच बसेना की काम झालं. नंतर पाच मिनिटं ते बाकावर नुसते बसून होते. तुमचं पत्र वाचताना मला त्यांची आठवण झाली. तुम्हीही तीन खेपा घातल्यात आणि तीनही वेळा विनंतीच केलीत. चौथी खेप अर्ज घेऊन घाला. अर्जाचं खाली सांगते.

कायदा थोडक्यात असा. भारतीय वैद्यक परिषदेचे डॉक्टरांच्या आचरणाबद्दलचे २००२ सालचे नियम आहेत. दाखल झालेल्या रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचं आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं तर अर्जाची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यायचे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. न देणं हे गैरवर्तन ठरतं आणि त्यावर कौन्सिल कारवाई करू शकते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, ते तीनच आठवड्यांत स्थगित झाले. म्हणून कुणी ‘ते जुने नियम गेले हो’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका. त्याच्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात म्हटलं होतं की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर रुग्णालयाने आणि डॉक्टरांनी त्या द्यायला हव्यात. त्यासाठी प्रतींचा वाजवी खर्च ते घेऊ शकतात, एवढीच सवलत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णहक्कांची सनद बनवली आणि २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांना धाडली. दाखल असताना २४ तासांत आणि घरी सोडल्यावर ७२ तासांत प्रती मिळाव्यात, असं ती सांगते. आपल्या राज्यात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दवाखान्याच्या दर्शनी भागात लावायला सांगितली आहे. तुमच्या त्या दवाखान्यात ती कुठल्या भिंतीवर आहे, पुढच्या वेळी बघून या. बहुतेक कॅलेंडरच्या मागे सापडेल.

म्हणजे ‘आम्ही पेशंटला देत नाही’ या वाक्याला कसलाही आधार नाही. ती दवाखान्याची पद्धत असेल, नियम नाही.

‘फाईल इन्शुरन्सला गेली’ हे मात्र थोडं सोलून बघायला हवं, कारण त्यात अर्धं खरं असू शकतं. कॅशलेस असेल तर दवाखाना कागदपत्रं टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या मधल्या संस्थेला, पाठवतो, आणि पैसे आधी भरून नंतर मागायचे असतील तर मूळ रिपोर्ट आपल्यालाच जमा करावे लागतात. पण टीपीएला गेली म्हणून दवाखान्यातली फाईल संपत नाही. ती दवाखान्याला ठेवावीच लागते. शिवाय ज्या फाईलमधला रिपोर्ट काउंटरवरच्या मुलीच्या मोबाईलमध्ये आहे, ती फाईल इन्शुरन्सवाल्यांनी गिळली असं कसं म्हणायचं?

त्या मोबाईलमधल्या फोटोबद्दल विचारते. तुम्ही तो नीट वाचलात का? वर लॅबचं नाव होतं का, सासूबाईंचं नाव, वय, तारीख? मी हे मुद्दाम विचारतेय. तुमच्या हाती आज ‘नॉर्मल’ हा एकच शब्द आहे, तोही तोंडी. पिशवीच्या रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ असा शब्द क्वचित असतो. तिथं पॅथॉलॉजिस्ट पिशवीचं माप लिहितो, आतल्या अस्तराचं काय दिसलं, भिंतीत गाठी होत्या का, पिशवीच्या तोंडाचा भाग कसा होता, बीजकोश (ओव्हरी) आले असतील तर ते कसे होते, आणि शेवटी निदान. त्या पानभर मजकुराचा ‘नॉर्मल’ हा अनुवाद कुणी केला, डॉक्टरांनी की काउंटरने, हे तुम्हाला ठाऊक नाही. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण सोलापूरच्या डॉक्टरांना अनुवादावर उपचार करता येत नाहीत.

आणि फक्त बायोप्सी मागू नका. ऑपरेशनची नोंदही मागा, जिला दवाखान्यात ओटी नोट्स म्हणतात. पिशवीचं तोंड काढलं की ठेवलं, ओव्हरी दोन्ही काढल्या, एक काढली की दोन्ही ठेवल्या, हे त्यात असतं. ‘पिशवी काढली’ एवढंच सांगणाऱ्या शेकडो बायका माझ्यासमोर बसून गेल्या. ओव्हरींचं काय झालं विचारलं की एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. आपल्या पोटातून काय गेलं आणि काय राहिलं हे आपल्याला माहीत नसणं याची मला आजही चीड येते. डॉक्टरांची येते तेवढीच घरच्यांचीही.

लॅबचा रस्ता वेगळा आहे आणि बऱ्याचदा जवळचा. तालुक्याच्या दवाखान्यात बायोप्सी तपासत नाहीत. नमुना सोलापूर, पुणे किंवा मुंबईच्या लॅबला जातो. बिल काढा आणि ‘हिस्टोपॅथ’ किंवा ‘एचपीई’ अशी ओळ शोधा, ती याच तपासणीची. जवळ लॅबचं नाव किंवा नमुन्याचा नंबर लिहिलेला असेल तर लॅबला फोन करा, सासूबाईंचं नाव आणि ऑपरेशनची तारीख सांगा. काही लॅब ‘आमचा करार दवाखान्याशी आहे, त्यांच्याकडूनच घ्या’ म्हणतील. त्यांनाही सासूबाईंच्या सहीचा अर्ज द्या. नमुना त्यांच्या पोटातला होता.

अजून एक गोष्ट लॅबकडेच असते. पिशवीचे तुकडे मेणात बसवून ठोकळे करतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि त्यावरून काचेवर घेतलेल्या चकत्या म्हणजे स्लाइड. रिपोर्टमध्ये काही शंकेचं निघालं आणि मुंबईला टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायचं ठरलं तर तिथले पॅथॉलॉजिस्ट कागदावर विसंबत नाहीत. ते स्लाइड आणि ब्लॉक मागतात आणि स्वतः बघतात. लेखी अर्ज केला की लॅब ते देते, सही घेते, काम झालं की परत मागते. ते आत्ताच आणायला जाऊ नका, गरज पडली तरच. आणि आणलेच तर उन्हाळ्यात गाडीच्या काचेखाली ठेवू नका. शेवटी ते मेण आहे आणि तुमचा जिल्हा सोलापूर.

आता अर्ज. साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलेला चालतो. वकील नको, स्टॅम्पपेपर नको. असा लिहा :

‘प्रति, डॉ. (ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव) आणि व्यवस्थापक, (दवाखान्याचं नाव). विषय : माझ्या वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मिळण्याबाबत. मी (नाव), आयपीडी क्रमांक अमुक, दिनांक अमुक ते अमुक आपल्याकडे दाखल होते. पुढील उपचारांसाठी मला पुढील कागदांच्या सत्यप्रती हव्या आहेत : ऑपरेशनआधीच्या रक्ताच्या व सोनोग्राफीच्या तपासण्या, संमतीपत्र, ऑपरेशनची व भुलेची नोंद, काढलेल्या नमुन्याचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. नमुना तपासणीस कोणत्या लॅबकडे व कोणत्या तारखेला पाठवला तेही कळवावे. पाठवला नसल्यास तसे लेखी द्यावे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार या प्रती ७२ तासांत मिळाव्यात. प्रतींचा खर्च मी देईन. माझ्या वतीने माझी सून (नाव) हिला प्रती द्याव्यात.’

खाली सासूबाईंची सही किंवा अंगठा, तारीख, आणि तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स. आयपीडी क्रमांक डिस्चार्ज कार्डावर वरच्या कोपऱ्यात सापडेल.

डॉक्टरांचं नाव मी वर मुद्दाम घातलं. हे नियम डॉक्टरला बांधतात, मॅनेजरला नाही. अर्ज नुसता ‘व्यवस्थापक’ म्हणून दिला तर तो टेबलावर पेपरवेटखाली झोपतो. डॉक्टरांच्या नावाने दिला की त्याला त्यांच्या केबिनपर्यंत जावंच लागतं, आणि माझा अनुभव असा की निम्म्या वेळा तिथंच काम होतं. काउंटरवरच्या माणसांनी काय उत्तरं दिली हे डॉक्टरांच्या कानावरही गेलेलं नसतं.

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर दवाखान्याचा शिक्का, तारीख, सही घ्या आणि ती तुमच्याजवळ ठेवा. ७२ तास मोजायचे ते त्या शिक्क्यापासून. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका. पोस्टात जा, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. दवाखान्यात जायचंच तर दुपारी ओपीडी पांगल्यावर जा. सकाळी अकराला पन्नास पेशंटांच्या गर्दीत कुणीही कपाट उघडत नाही. मीही उघडत नसे.

खर्च किती? झेरॉक्सचे पैसे आणि फार तर थोडा हाताळणीचा खर्च. ‘फाईल काढायचे दोन हजार’ म्हणाले तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की आकडा खाली येतो.

आता सहीपाशी आले म्हणून थांबते. तुमच्या पत्रात तुम्ही आहात, तुमचे यजमान आहेत, डॉक्टर आहेत, काउंटरवरची मुलगी आहे. सासूबाई कुठे आहेत? लाल त्यांना जातंय, पोट त्यांचं दुखतंय, आणि आपला रिपोर्ट मिळत नाही हेच त्यांना माहीत नाही. सूनबाई, हा हक्क तुमचा नाही, तुमच्या यजमानांचाही नाही. तो त्यांचा आहे. नियमातही पहिला शब्द ‘रुग्ण’ हाच आहे. तुम्ही येता ते त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती म्हणून. त्यांच्या सहीशिवाय दवाखान्याने तुम्हाला कागद नाकारले तर तेव्हा मात्र दवाखान्याचं बरोबर असेल. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात न देणं हेही त्यांचं कर्तव्यच आहे. ती मोबाईलवाली मुलगी फोटो पाठवायला नाही म्हणाली, त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही. रुग्णाच्या रिपोर्टचा फोटो तिच्या खासगी मोबाईलमध्ये काय करत होता, हा प्रश्न वेगळा.

तुम्हाला वाटतं त्या घाबरतील. वाटणं साहजिक आहे. पण एक्कावन्न वर्षांची बाई, जिने पोट फाडून घेतलं, तिला महिनाभर रक्त दिसतंय आणि ती घाबरलेली नाही असं तुम्हाला वाटतं का? त्या घाबरल्याच आहेत, फक्त एकट्या. आज संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर त्यांच्याजवळ बसा. म्हणा, सोलापूरच्या मॅडमना ऑपरेशनचे कागद हवेत, दवाखाना देत नाहीये, तुमच्या सहीचा अर्ज द्यायचाय. एवढंच. पुढचं त्या विचारतील तेवढं सांगा. आणि अर्ज द्यायला जमलं तर त्यांनाच सोबत न्या. ज्याची फाईल आहे तो माणूस समोर उभा राहिला की काउंटरची भाषा बदलते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तालुक्याच्या गावात डॉक्टर म्हणजे रात्री दोनला दार उघडणारा माणूस, त्याच्याशी वितुष्ट परवडत नाही. पण अर्जात एकही वाकडा शब्द नाही, पुन्हा वाचून बघा. चूक झाली असं कुठं म्हटलेलं नाही. पुढच्या डॉक्टरांना कागद हवेत एवढंच आहे, आणि ते खरं आहे. दवाखान्यांना भीती असते की कागद मागितला म्हणजे मागून वकील येतोय. मी बावीस वर्षांत पाहिलं ते उलटं. कागद मिळालेली माणसं घरी जायची, न मिळालेली वकिलाकडे. यजमानांची ओळख आहे ना? मग तीच वापरू द्या. त्यांनी डॉक्टरांना आधी फोन करावा, ‘उद्या आई अर्ज घेऊन येतेय, तेवढे कागद काढून ठेवा’ म्हणावं. लग्नात भेटतील तेव्हा दोघांनाही मान खाली घालावी लागणार नाही.

तीन दिवस गेले आणि काहीच झालं नाही तर? एक स्मरणपत्र द्या. तेही वाया गेलं तर डॉक्टर ॲलोपॅथीचे असल्यास मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून डिस्चार्ज कार्डावरची पदवी आणि नोंदणी क्रमांक बघून घ्या. दवाखान्याबद्दलची तक्रार तालुक्याच्या गावातून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात द्या. मोठ्या शहरात महापालिकेचा आरोग्य अधिकारी असतो. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं, आणि रेकॉर्ड न देणं हीच सेवेतली त्रुटी धरल्याचे निकाल आहेत. मुदत २ वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण तुमच्या बाबतीत गाडी तिथवर जाईल असं मला वाटत नाही, आणि जाऊ नये. तुम्हाला खटला नको आहे, एक पान हवं आहे.

(सरकारी रुग्णालयातल्या कागदांबद्दल दरवेळी कुणीतरी विचारतं, म्हणून इथंच लिहून टाकते : तिथंही आधी साधा अर्ज करा. नाहीच मिळालं तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःची माहिती स्वतः मागताना ‘खासगी माहिती’ म्हणून नाकारता येत नाही. मनोरुग्णालयाचं थोडं निराळं आहे. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला रेकॉर्ड बघायचा हक्क दिलाय, पण रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असा ठरावीक भाग डॉक्टर राखून ठेवू शकतात, आणि त्याविरुद्ध त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं.)

रिपोर्ट मिळाला की तो आधी सोलापूरला दाखवा. घरच्या ग्रुपवर टाकू नका, आणि इंटरनेटवर एकेक शब्द शोधत बसू नका. त्या शब्दांचे अर्थ सांगायलाच तर मॅडमनी तो मागितला आहे.

तुमची,
ताई

ता. क. : यजमानांना म्हणावं लॅमिनेशन नको. ईसीजी आणि सोनोग्राफीच्या छोट्या पट्ट्या उष्णतेने छापतात. लॅमिनेशनच्या मशीनमधून काढल्या की सबंध काळ्या होऊन बाहेर येतात, आणि नुसत्या ठेवल्या तरी काही वर्षांत पुसट होतात. त्यांची लगेच झेरॉक्स काढा आणि सगळे कागद तारखेप्रमाणे एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावा. फाईलवर नाव मात्र सासूबाईंचं घाला.